पायरीवरचं तेल

आमच्या धंद्यात चक्कर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला चक्कर येते असं एकदा कागदावर चढलं की त्याचा कारभार आटोपला. शाफ्टमध्ये उतरणं बंद, केबिनच्या टपावर उभं राहणं बंद, मग आयुष्यभर गोदामात बसून नटबोल्ट निवडा. म्हणून आम्ही चक्कर येऊन पडत नाही, आम्ही घसरतो. पाय घसरला, हात सुटला, पायरी ओली होती. जोडीदाराने अपघाताच्या फॉर्मवर साक्षीदाराच्या रकान्यात सही ठोकायची आणि विषय मिटवायचा. हे मी माझ्या मिस्त्रीकडून शिकलो आणि माझ्या मेव्हण्याला मी शिकवलं. अभिमानाने शिकवलं, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी कीव करायची कोणाला गरज पडणार नाही.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सहा फूट दोन इंच उंची आणि अंगावर मांस नावाला. त्याला सगळे शिडी म्हणायचे. लिफ्टवाल्यांमध्ये शिडी नावाचा माणूस, हा विनोद प्रत्येक इमारतीचा वॉचमन जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचल्याच्या थाटात करायचा आणि शिडी दर वेळी नव्याने हसायचा. असा माणूस. त्याची बायको काविळीने गेली तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. बापलेक आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायला आले. झोपायला तिकडे, आणि जेवायला, भांडायला, आजारी पडायला आमच्याकडे. आम्हाला मूल नाही. पोरगी एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून तिचं नाव मिठू पडलं. तिला आत्याने वाढवलं आणि मी बिघडवलं, असं आमच्या घरात मानतात.

चौदा वर्षं शिडी आणि मी जोडीने काम केलं. एक जण वर मशीन रूममध्ये, दुसरा खाली केबिनच्या टपावर. खालच्याने ओरडायचं, ‘वर घे’. वरच्याने तेच परत ओरडून सांगायचं, ‘वर घेतो’. मगच बटण दाबायचं. एकही शब्द गृहीत धरायचा नाही, कारण त्या अरुंद विहिरीत डोकं कुठे आणि दोर कुठे याला दुसरा पुरावा नसतो. त्याचा जीव माझ्या शब्दावर आणि माझा त्याच्या. चौदा वर्षांत आम्हाला एकमेकांमुळे साधं खरचटलंसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी एका नऊमजली कचेरीची लिफ्ट बंद पडली. मशीन रूम गच्चीवर, म्हणजे पायी चढणं आलं. शिडी अवजारांची पिशवी खांद्याला लावून दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता, मी मागून धापा टाकत त्याला शिव्या देत होतो. सातव्या मजल्याच्या जरा अलीकडे त्याची शुद्ध हरपली आणि तो पडला. कसा पडला ते पुढे सांगेन. जे तेव्हा सांगायचं होतं ते मी इतके दिवस लांबवलं, तर आणखी थोडा वेळ लांबवतो.

डोळे उघडल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्यात वर-खाली कोणी आहे का ते पाहिलं.

“भाऊजी, घसरलो म्हणायचं.”

“मग काय, समाधी लागली म्हणू?”

आम्ही हसलो. त्याचं मनगट तेवढ्यात सुजायला लागलं होतं, तरी तो हसत होता. मग मला सुचलं की कचेरीचा सुरक्षेचा माणूस पाहायला येणार, आणि जिना तर खडखडीत कोरडा. मी पिशवीतून तेलाची बुधली काढली, पायरीवर चार थेंब टाकले, टाचेने जरा पसरवले, आणि थोडं त्याच्या बुटाच्या तळालाही चोळलं. कामात अर्धवटपणा मला खपत नाही.

डॉक्टर आमच्याच गल्लीतले, म्हातारे, माहितीतले. फॉर्मला साक्षीदार लागतो म्हणून मीही आत गेलो. मनगट मोडलं होतं. ते बांधलं जात असताना शिडीने दुसरी गोष्ट काढली, कारण माझ्या बायकोने त्याला दोन महिने भंडावून सोडलं होतं की छातीत धडधडतं ते डॉक्टरांना सांग. “कधी कधी एकदम सुरू होतं,” तो म्हणाला. “मोजता येत नाही इतकं. मग आपोआप थांबतं.”

डॉक्टरांनी पट्टी बांधायची थांबवली.

“आज पडण्याआधी धडधडलं होतं का? शुद्ध गेली होती?”

शिडीने माझ्याकडे पाहिलं. केबिनच्या टपावरून वर मान करून पाहायचा ना, तसंच.

“नाही हो डॉक्टर,” मी म्हणालो. “पायरीवर तेल होतं. माझ्याच हातून सांडलं.”

“नक्की?”

“मी मागेच होतो की. बुटाला बघा, अजून लागलंय.”

त्यांनी खरंच बूट उलटा करून पाहिला. मग समजावून सांगितलं की धडधड आहे तर हृदयाच्या ठोक्यांच्या तज्ज्ञाने एकदा पाहायला हवं. शुद्ध गेली असती तर आत्ताच्या आत्ता फोन लावला असता, तशी माणसं तिथे लगेच घेतात, पण साधी धडधड आहे तर रांगेने होईल. त्यांनी चिठ्ठी लिहिली. चौदा आठवड्यांनंतरची तारीख आली. बाहेर पडताना शिडी माझ्या पाठीवर चांगला हात मारून म्हणाला, “वाचवलंत.”

घरी मात्र माझी धडगत नव्हती. “तुमच्या धांदरटपणाने माझ्या भावाचा हात मोडला,” ही मला महिनाभर ऐकवत होती. मी स्वयंपाकघरात शिरलो की तेलाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवायची. मिठू लाटणं हातात धरून वार्ताहरासारखी विचारायची, “काका, आज किती जणांना पाडलंत?” शिडी खाली मान घालून जेवायचा आणि त्याचे खांदे हलायचे. मी सगळं ऐकून घेत होतो. खरं सांगायचं तर मला माझं कौतुकच वाटत होतं. जोडीदाराची रोजीरोटी वाचवायची आणि वर बोलणीही खायची, हे सगळ्यांना जमत नाही, असं मी मनाशी म्हणत होतो.

नवव्या आठवड्यात शिडी गेला. सकाळचे साडेदहा, लख्ख उजेड. बस सुटत होती म्हणून तो धावला. ड्रायव्हर भला माणूस, त्याने थांबवली. शिडीने पायरीवर पाय ठेवला आणि मागच्या मागे रस्त्यावर पडला. मी पोचलो तेव्हा त्याला पदपथावर आडवं ठेवलं होतं आणि कोणीतरी त्याच्या तोंडावर पाणी मारून थकलं होतं. ड्रायव्हर मला पुन्हा पुन्हा सांगत होता, “गाडी पूर्ण उभी होती हो. घसरले बहुतेक.”

दाखल्यावर हार्ट अॅटॅक लिहिलं. वय सेहेचाळीस, सिगारेट ओढायचा, धावला होता. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही आणि कोणी पुढे काही विचारलं नाही. मीही स्वतःला तेच सांगितलं. वायरिंगचा बिघाड वेगळा आणि मशीनचा वेगळा, एकावरून दुसऱ्याचा निकाल लावायचा नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो. पण इथे मी ती धडधड आणि हा हार्ट अॅटॅक दोन्ही एकाच पोत्यात घालून पोतं शिवून टाकलं. हार्ट अॅटॅक कोणालाही येतो. त्याचा त्या जिन्याशी काय संबंध?

पाच आठवड्यांनी हृदयाच्या इस्पितळातून फोन आला, उद्याची तारीख आहे, जुने कागद बरोबर आणा. तो हिने घेतला. “ते येऊ शकणार नाहीत,” म्हणाली. पलीकडून दुसरी तारीख हवी का असं विचारलं असावं. “नको,” म्हणाली आणि फोन ठेवून तिथेच खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मला त्या क्षणी उठून पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर कधीतरी, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताना ही म्हणाली, “ते तेलाचं मी फारच लावून धरलं होतं तेव्हा. हात मोडला तो बरा झाला होता. तुमचा काय दोष? मनात ठेवू नका.” चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी “जाऊ दे गं” म्हणालो. तिने मला माफ केलं होतं, आणि तेही जे झालंच नव्हतं त्याबद्दल. मी ती माफी घेतली. फुकटची माफी घेऊन माणूस किती भिकारी होतो ते मला त्या दुपारी कळलं.

मिठू आता वीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. बाप गेल्यावर सहा महिने बोलली नाही, मग हळूहळू पुन्हा बोलायला लागली. आम्ही दोघांनीही त्याबद्दल तिला काही म्हटलं नाही, न जाणो पुन्हा थांबेल. गेल्या महिन्यात जेवताना ती सहज म्हणाली, “आत्या, माळ्यावर खोकी चढवताना माझ्या छातीत कोणीतरी टाळ्या वाजवल्यासारखं होतं. परवा तर डोळ्यांपुढे जरा काळंच झालं.”

हिच्या हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही दवाखान्यात. म्हातारे डॉक्टर आता घरी बसले होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आलेली. तिने मिठूची छाती तपासली, नाडी पाहिली आणि वही पुढे ओढली.

“कधी पडलीस का? बेशुद्ध?”

“नाही,” मिठू म्हणाली. “मी पडले असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.”

“घरात कोणाला असा त्रास?”

“हिचे वडील,” ही म्हणाली. “माझा भाऊ. पावणेदोन वर्षं झाली. हार्ट अॅटॅक.”

“त्यांना कधी चक्कर, शुद्ध हरपणं?”

“नाही, तसलं काही नाही. एकदा जिन्यात पडला होता, पण ते यांनी तेल सांडलं होतं म्हणून.” आणि ती माझ्याकडे वळून जराशी हसली. मला अवघडू नये म्हणून हसली.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. मी टेबलाच्या कडेला लागलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीकडे बघत राहिलो. पोरगी तर हसतेय, बोलतेय, पडलेली नाही. वीस वर्षांच्या वयात कोणाचं काळीज धडधडत नाही. तज्ज्ञ पाहणारच आहेत. आणि हिचं ते हसू जायला नको. इतके सगळे विचार एका श्वासात येतात, आणि श्वास सुटेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. डॉक्टरीण लिहीत होती. साधी धडधड, रांगेने. अकरा आठवडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठू नेहमीप्रमाणे उशीर झाला म्हणून दार आपटून निघाली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिची पावलं मी ऐकत होतो. बापासारखीच, दोन-दोन पायऱ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली. मी थोडा वेळ वाट पाहिली. पुढची पावलं आली नाहीत.

मी खाली धावलो. ती पायरीवर बसली होती, एक हात कठड्याला, पाठ भिंतीला. चेहऱ्याला रंग नव्हता आणि वरच्या ओठावर घाम होता. जेवणाचा डबा चार पायऱ्या खाली पडलेला.

“मिठू!”

तिने मान उचलली. मला पाहून आधी जिन्यात वर-खाली पाहिलं.

“काही नाही काका, चप्पल घसरली. आत्याला सांगू नका.”

ती खोटं बोलत होती, आणि तसं बोलायला तिला कोणीतरी शिकवलं होतं.

तिला मी उचललं नाही, तिथेच बसवून ठेवलं. नाडीला बोट लावलं; बोटाखाली नुसता गोंधळ चालला होता, मग एकदम तो शांत झाला. तिला घरी आणून निजवलं, हिला सांगितलं की पोरीला बरं वाटत नाही, एकटी सोडू नकोस, आणि दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. दार उघडायला अजून वीस मिनिटं होती.

डॉक्टरीण आली तशी मी तिच्या मागोमाग आत घुसलो. “ती आज पडली,” मी म्हणालो. “आणि तिचा बापही घसरला नव्हता. तेल नव्हतं. तेल मी नंतर ओतलं.”

तिने मला दोन प्रश्न विचारले, फोन उचलला आणि उभ्या उभ्याच बोलली. तिचं बोलणं मला पाठ झालं आहे. “वीस वर्षांची मुलगी, धडधड, आज जिना उतरताना शुद्ध हरपल्याची शक्यता. वडिलांची श्रमात शुद्ध हरपलेली, नंतर अचानक मृत्यू.” पलीकडे कोणीतरी काही म्हणालं. तिने फोन ठेवला. “ताबडतोब घेऊन जा. गाडी पाठवतायत. तिला जिना चालत उतरू देऊ नका.”

अकरा आठवड्यांचं काम दीड मिनिटात झालं.

“डॉक्टर,” मी म्हणालो, “बापाचं ते तुम्हीच कळवलंत तर... घरी माहीत नाही.”

ती माझ्याहून तीस वर्षांनी लहान असेल. “काका, ज्याने पडताना पाहिलं त्याच्याकडूनच त्यांना ऐकायचं असतं,” ती म्हणाली. “मी फक्त ऐकलंय. पाहिलंय तुम्ही.”

मिठूला खुर्चीवर बसवून दोघांनी खाली नेलं. ती वाटेत त्यांना सांगत होती की आमचे काका आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त करतात आणि आमच्या नशिबी ही खुर्ची. ही तिची पिशवी छातीशी धरून मागून येत होती. “काल तर अकरा आठवडे म्हणाल्या होत्या,” ती मला म्हणाली. “आज एकदम गाडी कशी?” मी म्हणालो, तिथे गेल्यावर कळेल.

तज्ज्ञ डॉक्टर पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. मिठूच्या छातीला वायरी लावून तिला पडद्याआड निजवलं होतं. यंत्रातून पट्टी निघाल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघं टेबलासमोर. त्यांनी आधीच सगळं वाचलेलं होतं.

“वडिलांना पडताना पाहिलं ते तुम्ही ना? अगदी जसं झालं तसं सांगा. आपला अंदाज नको, नुसतं पाहिलेलं.”

बिघाड कसा सांगायचा ते मला येतं. आधी काय झालं, मग काय झालं, किती वेळ. मी हिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

“सव्वाशेएक पायऱ्या भराभर चढला होता. पिशवी दहा-बारा किलोची. थांबला, छातीवर हात ठेवला, ‘भाऊजी, जरा’ एवढंच म्हणाला. मग गुडघे नाही वाकले, आख्खाच गेला. हात पुढे टाकले नाहीत, म्हणून मनगट अंगाखाली आलं. तोंड पांढरंफटक. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. दोन-तीनदा हात झटकले. मी हाक मारली, गालावर मारलं. नाडी मला सापडली नाही. अर्धा मिनिट असेल, थोडं जास्त. मग तोंड एकदम लाल झालं आणि तो उठला. लगेच सगळं आठवत होतं त्याला. मला ओळखलं.”

“पाय घसरला होता का?”

“नाही.”

“जिना ओला?”

“कोरडा होता. तेल मी नंतर टाकलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शुद्ध गेली नाही असं मीच सांगितलं. तो काही बोलला नाही, मी बोललो.”

पडद्याआडून मिठूचा आवाज बंद झाला होता. इतका वेळ ती तंत्रज्ञाशी बोलत होती हे मला आवाज थांबल्यावर कळलं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग पट्टी आली, ती त्यांनी टेबलावर पसरली आणि बराच वेळ मोजपट्टीने मोजत राहिले. हा ठोक्यांचा दोष घराण्यातून येतो, म्हणाले. पोरीला आजच ठेवून घ्यायचं, ठोक्यांवर सतत लक्ष ठेवायचं, औषध सुरू करायचं, पुढे छातीत एक लहान यंत्र बसवावं लागेल कदाचित. वेळेत आली आहे. अशी माणसं नीट आयुष्य जगतात.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. “त्याचं... तेव्हा खरं सांगितलं असतं तर?”

“त्याच आठवड्यात बोलावलं असतं,” ते म्हणाले. “पुढचं मी सांगू शकत नाही.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. मी माझ्या मेव्हण्याला चौदा वर्षं दोरावर जपलं आणि एका वाक्याने मारलं. हे मी असंच म्हणतो. लोक म्हणतील, उगाच हळवा होऊ नकोस, त्याने स्वतःच सांगितलं होतं घसरलो म्हणायचं म्हणून. सांगितलं होतं खरं. पण तो आत्ताच शुद्धीवर आलेला माणूस होता आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

ही रडली नाही. ओरडलीही नाही, मी त्याची वाट बघत होतो, तेवढं तरी मिळावं म्हणून. तिने पडदा बाजूला केला आणि मिठूजवळ जाऊन तिचे केस कपाळावरून मागे सारले. मिठू माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले, पण नजर तिने काढून घेतली नाही. “काका,” ती म्हणाली, “बाबांनीच सांगितलं असणार तुम्हाला. हो ना?”

मला हो म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. “विचारलं मला होतं,” मी म्हणालो.

मिठूला वर वॉर्डात नेलं. आम्ही निघणार तेवढ्यात डॉक्टरांनी हिला थांबवलं. “तुम्ही सख्ख्या बहीण ना? मग तुम्हालाही तपासायला हवं. आजच करू, उद्यावर नको. आधी काही प्रश्न विचारतो.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्हीही बसा. बरोबर राहणाऱ्या माणसाला कधी कधी जास्त आठवतं.”

मी खुर्ची ओढली.

“नको,” ही म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दुकानात एखादी वस्तू परत करताना असतो तसा. “तुम्ही बाहेर बसा. माझं मी सांगेन.”

मी बाहेर आलो. तिने आतून दार लावून घेतलं. बाकावर बसल्यावर मी आठवायला लागलो, हिला कधी चक्कर आली होती का, कधी कुठे पडली होती का. मागच्या वर्षी न्हाणीघरातून मोठा आवाज आला होता. ती बाहेर येऊन म्हणाली होती, बादली घसरली, आणि मी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती. दारामागे ती बोलत होती. थांबत होती, पुन्हा बोलत होती. बरंच काही सांगत होती, पण शब्द मला ऐकू येत नव्हते.